पान कुणासाठी उगवतं?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १८४०च्या सुमारास घडलेली म्हणून एक गोष्ट सांगतात. जॉन हॉक्सी नावाच्या शेतकऱ्याच्या उमद्या घोड्याच्या पायाला गाठ आली. ती कॅन्सरची आहे आणि जनावर काही जगत नाही, असं ठरलं. मालकानं त्याला शेवटचे दिवस सुखानं काढायला कुरणात मोकळं सोडलं. घोडा मात्र मरेना. तो रोज कुरणाच्या एका ठरावीक भागात जायचा, तिथली ठरावीक झाडंझुडपं खायचा आणि परत यायचा. हळूहळू गाठ सुकली आणि गळून पडली. मग मालकानं घोड्याच्या मागोमाग जाऊन तो काय खातो ते टिपून घेतलं आणि त्यातून एक काढा तयार केला. काढ्याची कृती वडिलांकडून मुलाकडे अशी उतरत जॉनच्या पणतवाकडे, हॅरी हॉक्सीकडे आली. त्या काढ्यातलं एक महत्त्वाचं द्रव्य म्हणजे लाल क्लोव्हर, शास्त्रीय नाव ट्रायफोलियम प्राटेन्से.

पणतवाच्या शब्दापलीकडे या गोष्टीला पुरावा नाही. पण ती ऐकताना मराठी माणसालाही परकं काही वाटत नाही. सापाशी झुंज दिल्यावर मुंगूस रानातली कुठलीशी मुळी शोधून खातं आणि विष उतरवतं, ही समजूत आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. मुंगुसाला ती मुळी कुणी दाखवली, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा तेवढा नाही, जेवढा तो धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे. रोग दिला त्यानं औषधही जवळपासच ठेवलं असेल का? रानातलं पान आपल्यासाठी उगवतं का?

प्रश्न मोठा असला तरी तो एका साध्या चाऱ्याच्या पिकावर तपासून बघता येतो, कारण या पिकावर माणसानं श्रद्धाही भरपूर लादली आहे आणि प्रयोगही भरपूर केले आहेत.

लाल क्लोव्हर मूळचं युरोपचं आणि त्याला लागून असलेल्या आशिया-आफ्रिकेच्या भागांचं. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या थंड कुरणांत ते दिसतं. महाराष्ट्रात बागायती जमिनीवर दुभत्या जनावरांसाठी बरसीम लावतात, ते याच कुळातलं. बरसीम पाहिलेल्या माणसानं त्याच्या पांढुरक्या गेंदाऐवजी जांभळट गुलाबी गेंद मनात आणावा, पान थोडं केसाळ करावं आणि त्या प्रत्येक पानावर फिकट पांढऱ्या रंगाची, चंद्रकोरीसारखी एक खूण काढावी, की लाल क्लोव्हर झालं. तीन पानांचा पुंजका आणि ही फिकट खूण, एवढ्या दोन गोष्टींवर युरोपातल्या माणसांनी शतकानुशतकं कल्पनांचे इमले रचले.

तीन पानांचं काय झालं ते आयर्लंडमध्ये दिसतं. पाचव्या शतकात सेंट पॅट्रिकनं तिथल्या लोकांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य क्लोव्हरचं पान, म्हणजेच शॅमरॉक, दाखवून समजावलं, अशी आख्यायिका आहे. ती लेखी सापडते मात्र १७२६ साली, म्हणजे संत होऊन गेल्यावर तब्बल तेराशे वर्षांनी. पुढे १८९०च्या दशकात नॅथॅनिएल कोलगन या वनस्पतींच्या अभ्यासकानं ठिकठिकाणच्या आयरिश लोकांना ‘खरा शॅमरॉक’ मुळासकट पाठवायला सांगितलं. आलेली रोपं त्यानं कुंड्यांत लावली आणि फुलं येईपर्यंत वाट पाहिली. फुलं आली तेव्हा एका पवित्र पानाच्या जागी चार वेगवेगळ्या वनस्पती निघाल्या. त्यात लाल क्लोव्हरही होतं. पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपलंच खरं याची खात्री होती, आणि यात कुणाची फसवणूक होती असंही नाही. पवित्रपण पानात नव्हतं, पान हाती घेणाऱ्यात होतं, आणि तिथे ते पुरेसं होतं. आख्यायिका चार वनस्पतींवर चालते. औषध तसं चालत नाही.

औषधाकडे वळलं की पानावरच्या खुणेचा मामला येतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या युरोपात असा एक सिद्धान्त जोरात होता की ईश्वरानं प्रत्येक वनस्पतीवर तिच्या उपयोगाची सही करून ठेवली आहे, आपण ती वाचायची. पॅरासेल्सस या वैद्यानं या विचाराला बळ दिलं आणि याकोब ब्योमे या जर्मन गूढवाद्यानं त्याला ईश्वरशास्त्राची उंची दिली. अक्रोडाची गिरी मेंदूसारखी दिसते, म्हणून ती डोक्याच्या विकारांवर. लंडनचा निकोलस कल्पेपर १६५२च्या आपल्या औषधीकोशात हृदयक्लोव्हर नावाच्या वनस्पतीबद्दल लिहितो की पान तर हृदयाच्या आकाराचं आहेच, शिवाय त्यावर मांसाच्या रंगाचं हृदयही उमटलेलं आहे, तेव्हा ती हृदयाचं रक्षण करते. ही वनस्पती खरं तर आपल्या लसूणघासाची भाऊबंद. कुरणातल्या साध्या क्लोव्हरचा रस खेड्यातले लोक डोळ्यावरचा पडदा जावा म्हणून डोळ्यांत घालतात, अशीही नोंद त्यानं केली आहे.

या मताला हसणं सोपं आहे. पण त्यामागची ओढ समजून घ्यायला हवी. आजारी माणूस एकटा पडलेला असतो. आपल्या दुखण्याची कुणीतरी आधीच दखल घेऊन ठेवली आहे, बांधावरच्या पानावर आपल्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे, हा दिलासा कुठल्याही काढ्यापेक्षा मोठा. अडचण एवढीच, की चिठ्ठी वाचणारा आणि लिहिणारा एकच निघायचा. विल्यम कोल्स हा या सिद्धान्ताचा कट्टर समर्थक. असंख्य वनस्पतींवर कसलीच खूण का नाही, याचंही उत्तर त्याच्यापाशी तयार होतं: माणसाच्या बुद्धीला काही काम उरावं म्हणून देवानं त्या कोऱ्या ठेवल्या! खूण असली तरी सिद्धान्त खरा, नसली तरी खरा. फ्लँडर्सचा वैद्य रेम्बर्ट डोडोन्स यानं तर कोल्सच्याही आधी, १५८३ सालीच, हे सगळं इतकं बेभरवशाचं आहे की ज्ञान म्हणून त्याचा विचारच करू नये, असं बजावलं होतं. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही.

हॉक्सीच्या घोड्याची गोष्ट हा त्याच सिद्धान्ताचा अमेरिकी अवतार. पानावरची सही माणसाऐवजी जनावर वाचतं, एवढाच फरक.

हॅरी हॉक्सी कोळशाच्या खाणीत काम केलेला, बोलघेवडा माणूस. डॉक्टरकीची रीतसर पदवी नाही. १९३६ साली त्यानं डॅलसमध्ये दवाखाना थाटला आणि १९५०च्या दशकात तिथे हजारो कॅन्सरचे रुग्ण येऊ लागले. पोटॅशियम आयोडाइड, ज्येष्ठमध, लाल क्लोव्हर, बर्डॉकची मुळी, पोकची मुळी, बकथॉर्नची साल असा तो काढा. त्याच्या बाजूनं उभे राहणाऱ्यांत जेरल्ड विनरॉड हा कॅन्ससचा कडवा धर्मप्रचारक होता. आपल्या मासिकातून आणि रेडिओवरून तो भाविकांना हॉक्सीकडे वळवायचा. निसर्गाचं औषध विरुद्ध पदवीधरांचा अहंकार, अशी ती मांडणी होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बरं झाल्याचं सांगितल्या जाणाऱ्या रुग्णांची प्रकरणं तपासली, तेव्हा काढ्यानं कॅन्सर बरा झाल्याचा खात्रीलायक दाखला एकही मिळाला नाही. टपाल कचेऱ्यांतून लोकांना सावध करणारे फलक लागले आणि १९६०पर्यंत अमेरिकेतला हा धंदा बंद पडला. त्याच्या दवाखान्यातली मुख्य परिचारिका सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात गेली आणि १९६३मध्ये तिथे काढा पुन्हा सुरू झाला. १९६७ साली खुद्द हॉक्सीला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. आपला काढा त्यानं स्वतः घेऊन पाहिला. गुण येईना, तेव्हा शस्त्रक्रिया करून घेतली.

इथे एखाद्याला वाटेल की चला, क्लोव्हरमध्ये काहीच दम नाही. तसं नाही. क्लोव्हरमध्ये दम आहे. तो कळला तोही कुरणात चरणाऱ्या जनावरांमुळेच, फक्त ही जनावरं दंतकथेतली नव्हती.

ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात १९४०च्या दशकाच्या आरंभी मेंढपाळ हवालदिल झाले. कुरणं हिरवीगार, मेंढ्या धष्टपुष्ट, पण गाभण राहीनात. ज्या राहिल्या त्या विताना अडत होत्या, पिल्लं मरत होती, कित्येकींचं मायांग बाहेर येत होतं. सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रकार म्हणजे खच्ची केलेल्या नरांना दूध येऊ लागलं. बेनेट्स, अंडरवूड आणि शीअर या तिघांनी १९४६ साली याची रीतसर नोंद प्रसिद्ध केली. दोष निघाला जमीन सुधारण्यासाठी मोठ्या हौसेनं पेरलेल्या क्लोव्हरच्या एका जातीचा. ही जात लाल क्लोव्हरची नव्हे, त्याच्या कुळातल्या भुईक्लोव्हरची. पण गुन्हेगार द्रव्य दोन्हींत आहे. पानातल्या फॉर्मोनोनेटिनचं मेंढीच्या पोटात इक्वॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होतं आणि तो स्त्रीसंप्रेरकाची, म्हणजे इस्ट्रोजेनची, नक्कल करतो. खऱ्या संप्रेरकापेक्षा तो कितीतरी दुबळा, पण मेंढी दिवसभर चरते! लाल क्लोव्हरच्या कुरणांतही मेंढ्यांची वीण घटते, हे पुढे दिसलं आणि फॉर्मोनोनेटिन कमी असलेली वाणं मुद्दाम तयार करावी लागली. गाईबैलांना त्याचा तितका त्रास होत नाही.

मेंढीच्या अंतःप्रेरणेनं तिला सावध केलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. ती आवडीनं खात राहिली. घोड्याच्या गोष्टीतल्या सर्वज्ञ निसर्गानं इथे मौन पाळलं.

मग क्लोव्हर हे द्रव्य बनवतं कशासाठी? या वर्गातली द्रव्यं शेंगवर्गीय वनस्पतींना बुरशीशी लढायला उपयोगी पडतात. फॉर्मोनोनेटिनपासूनच पुढे त्यांची बुरशीनाशकं तयार होतात. चरणाऱ्या जनावरांची प्रजा आटोक्यात राहावी, असाही त्यात वनस्पतीचा फायदा असावा, हा काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. पण झाला, तर त्या पानावर लिहिलेल्या चिठ्ठीतला मजकूर आपल्याला वाटतो त्याच्या अगदी उलटा असेल.

या कोड्याची किल्ली चार्ल्स डार्विनपाशी होती, आणि गंमत म्हणजे ती त्यानं लाल क्लोव्हरच्याच शेजारी ठेवली होती. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये (१८५९) या फुलाला मानाचं स्थान आहे. त्याची नळी इतकी खोल, की मोठ्या केसाळ भुंगेमाश्याच तिथे नीट पोचतात. उंदीर या माश्यांची घरटी उद्ध्वस्त करतात, मांजरं उंदरांना मारतात, म्हणून गावात मांजरं किती यावर क्लोव्हर किती फुलेल हे ठरू शकतं, असं तो सांगतो. पुढच्या आवृत्त्यांत त्यानं आकडेही दिले: माश्यांना मोकळे असलेल्या शंभर गेंदांत २,७०० बिया, जाळीनं झाकलेल्या शंभरांत एकही नाही. न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना हे पैसे मोजून शिकावं लागलं. तिथे क्लोव्हर वाढायचं, पण बी धरायचं नाही. शेवटी १८८५ साली इंग्लंडहून भुंगेमाश्या जहाजानं आणून सोडल्या, तेव्हा कुठे बी धरू लागलं.

त्याच ग्रंथात डार्विननं एक धाडसी पैज लावली आहे. एका जातीच्या शरीरातला एखादा भाग निव्वळ दुसऱ्या जातीच्या भल्यासाठी घडला आहे, असं एक उदाहरण जरी कुणी दाखवलं, तर आपला सगळा सिद्धान्त मोडीत निघेल, असं तो म्हणतो. कोल्स आणि कल्पेपर यांची सगळी इमारत याच एका उदाहरणावर उभी होती. ते उदाहरण आजवर कुणी दाखवलेलं नाही. क्लोव्हर माशीला मध देतं, कारण त्याला बी हवं असतं. आपल्यासाठी त्याच्याकडे काहीच नाही.

तरीही पानातलं द्रव्य आपल्या शरीरावर चालतं, ते का? कारण त्या द्रव्याला बसणारं कुलूप मेंढीत आहे आणि बाईतही आहे. दोघी सस्तन, दोघींचा पूर्वज एक, दोघींच्या पेशींत इस्ट्रोजेन ओळखणारी यंत्रणा जवळपास तीच. क्लोव्हर औषध ठरलं, तर त्याचं श्रेय पानाच्या कृपेला नाही, मेंढीशी असलेल्या आपल्या नात्याला आहे. भाविक मनाला हे उत्तर रुक्ष वाटेल. पण सर्व भूतांत एकच तत्त्व पाहणाऱ्या परंपरेत वाढलेल्याला ते इतकं परकं वाटू नये.

या बाबतीत भारतीय वैद्यकाची भूमिका युरोपातल्या सहीवाल्यांपेक्षा जास्त सावध होती. जगात औषध नाही असं कोणतंच द्रव्य नाही, हे चरकसंहितेतलं मत सगळे उत्साहानं सांगतात. त्याला जोडून आलेली अट मात्र बहुतेक जण गाळतात. युक्ती आणि हेतू पाहून वापरलं तर, अशी ती अट आहे. बौद्ध ग्रंथांतल्या जीवकाची कथाही याच वळणाची. तक्षशिलेच्या गुरूनं त्याला सांगितलं, नगराभोवती योजनभर फिर आणि जे औषध नाही ते घेऊन ये. जीवक रिकाम्या हातानं परतला आणि गुरूनं त्याचं शिक्षण पुरं झाल्याचं जाहीर केलं. त्याला कुठल्या पानावर चिठ्ठी सापडली नव्हती. औषधपण पानात आधीपासून ठेवलेलं नसतं. कुणाला, किती, कधी आणि कशासाठी यांतून ते घडतं. म्हणून तेच द्रव्य चुकीच्या हाती विषही होतं, हेही चरकसंहितेनं सांगून ठेवलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांना वेगळा पुरावा नको.

मग पाळी जाण्याच्या वयातल्या बाईला क्लोव्हरचा उपयोग होतो का? आज जगभर, आणि ऑनलाइन दुकानांमुळे भारतातही, लाल क्लोव्हरच्या गोळ्या विकल्या जातात त्या मुख्यतः यासाठी. अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामानं झोपमोड होते, चारचौघांत चेहरा लाल होतो. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन उतरतं, मग वनस्पतीतल्या नकली इस्ट्रोजेननं ती तूट थोडी भरावी, हा तर्क बिनबुडाचा नाही. शिवाय घोड्याच्या गोष्टीपेक्षा तो तपासायला सोपा आहे.

तपासला गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २५२ स्त्रियांना बारा आठवडे क्लोव्हरच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा दिसायला तशीच पोकळ गोळी दिली. तिन्ही गटांतल्या वाफा जवळपास सारख्याच कमी झाल्या. एका प्रकारच्या गोळीनं आराम जरा लवकर पडला, इतकंच. शिकागोतली २००९ची चाचणी लहान होती, ८९ जणींची, पण वर्षभर चाललेली. त्यात संप्रेरकांची नेहमीची औषधं घेणाऱ्यांच्या वाफा ९४ टक्क्यांनी घटल्या, क्लोव्हर घेणाऱ्यांच्या ५७ टक्क्यांनी, आणि काहीच नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या ६३ टक्क्यांनी. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१३च्या कॉक्रेन आढाव्यालाही क्लोव्हरचा ठळक फायदा आढळला नाही. नंतरच्या काही आढाव्यांत थोडा फायदा दिसतो. हाडांच्या बाबतीत केंब्रिजच्या २००४च्या अभ्यासात वर्षभर क्लोव्हर घेतलेल्या स्त्रियांच्या कण्याची झीज कमी झाली, नितंबाच्या हाडांवर मात्र फरक पडला नाही. आणखी एक गुंता असा, की क्लोव्हरमधलं फॉर्मोनोनेटिन पचवून त्याचं इक्वॉल करणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लागू पडेलच असं नाही.

तो ६३चा आकडा मात्र चटकन सोडून देण्यासारखा नाही. क्लोव्हरवर भरवसा ठेवणाऱ्या बाईला तो अपमान वाटू शकतो: म्हणजे मला बरं वाटलं ते खोटं? खोटं मुळीच नाही. वाफा खरोखर कमी झाल्या, झोप खरोखर लागली. काही अंशी त्या काळानुसार आपसूक उतरतात. माणूस चाचणीत शिरतो तोच त्रास टोकाला गेल्यावर, त्यामुळे पुढे उतारच असतो. आणि काही अंशी कुणीतरी आपलं ऐकतंय, आपली नोंद ठेवतंय, यानंही शरीर निवांत होतं. याला कृपा म्हणायचं असेल तर कुणाची हरकत असू नये. पण ती पानात होती असं म्हणून बाटलीवर किंमत छापली, की मामला श्रद्धेचा राहत नाही, व्यवहाराचा होतो, आणि व्यवहारात माल तपासून घेतात.

‘नैसर्गिक’ हा शिक्का बघून ही गोळी सर्वांत आधी कोण उचलतं, तेही पाहायला हवं. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेतलेल्या बाईला अनेकदा त्या उपचारांमुळेच वाफांचा त्रास होतो, आणि संप्रेरकांची औषधं तिला सहसा देत नाहीत. साहजिकच ती गवताकडे वळते. पण या गवताचा गुण म्हणून जो सांगतात तोच मुळी इस्ट्रोजेनची नक्कल करणं हा आहे. म्हणून अशा स्त्रियांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना लाल क्लोव्हरच्या गोळ्या टाळायला सांगतात. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिनसारखं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि आपण काय घेतो असं डॉक्टरांनी विचारलं, तर ‘औषध काही नाही, एक साधी वनस्पतीची गोळी आहे’ असं म्हणून ती यादीतून वगळू नये.